वाटेला लावलं

४ मार्च

खारू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडणार असशील, तर आधी शेवटचं पान वाच आणि मग खुशाल फाड. कामाचं सगळं शेवटच्या पानावर आहे. बाकीच्यावर नुसती मी आहे.

अडतीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझी आई, माझी काकू, गेली तेव्हा तीनदा कागद पुढ्यात घेतला आणि तीनदा उठून भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. तेव्हा आता एकदम कसा पुळका आला, असं तू म्हणशील. म्हण.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ दारात उभे राहिले. जुने खून शोधून त्यांची पुस्तकं करणं हा त्यांचा धंदा. माणूस वाईट नाही, पण खुनाबद्दल बोलताना असे खुलतात की समोरच्याला वाटावं, यांच्या घरी कार्य निघालंय. त्यांना आपल्या मुकादमाच्या खुनावर पुस्तक लिहायचंय. परमुलखातून आलेल्या बागकामगारांची वस्ती, सफरचंदांच्या बागा, कालवा, सूड. 'सूड' हा शब्द त्यांनी तीनदा उच्चारला. मग पिशवीतून एक जुनी टेप काढून टेबलावर ठेवली. पोलिसांच्या गुदामात सापडली म्हणाले, हिच्यात आरोपीचा कबुलीजबाब आहे, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ती दुभाषी मुलगी तुम्हीच ना?

मीच.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण अर्जाला हेच जोडावं लागणार आहे. काही चुकलं तर दुरुस्त कर. काकू शिडीवरून पडली आणि तिचा हात मोडला, तो शुक्रवार. बागा ओल्याचिंब होत्या, बायकांना शिडीवर चढवू नका असं सगळे सांगत होते आणि मुकादमाने कुणाचं ऐकलं नाही. त्याच दिवशी पॅकिंग शेडमध्ये काकांनी, तुझ्या बाबांनी, पन्नास माणसांदेखत त्याची गचांडी धरली. "पुन्हा हिला शिडीवर चढवलंस तर तू आहेस आणि मी आहे," असं म्हणाले. रविवारी भर दुपारी मुकादम पिऊन तुमच्या खिडकीखाली आला आणि आरडाओरडा करायला लागला. काका बाहेर गेले, दंडाला धरून त्याला कालव्यापर्यंत घेऊन गेले आणि परत आले. सोमवारी सकाळी मुकादम कालव्याच्या दरवाजाखाली पाण्यात सापडला. डोक्याला खोक पडलेली. एकटा जीव होता, रडायलाही कुणी नव्हतं.

वस्तीत इथली भाषा धड येणारी मी एकटी. सगळ्यांची पत्रं, दवाखान्याचे कागद, औषधांच्या बाटल्या मीच वाचून दाखवायचे. काका मला मास्तरीण म्हणायचे. पोलिसांनी मला शाळेच्या वर्गातून उठवून नेलं. काकांच्या शेजारी खुर्ची टाकली आणि साहेब म्हणाले, हा काय बोलतो ते सांग.

टेपवर काका म्हणतात, "मी त्याला वाटेला लावलं, घरी आलो, हात धुतले आणि जेवायला बसलो."

आणि एक सतरा वर्षांची पोर इथल्या भाषेत खणखणीत सांगते, मी त्याला संपवलं, घरी आलो, हात धुतले आणि जेवायला बसलो.

चूक झाली माझी, खारू. मला 'वाट लावणं' माहीत होतं. दप्तराची वाट लावलीस, चपलांची वाट लावलीस, आई दिवसातून दहादा म्हणायची. आपली भाषा मला तेवढीच यायची, ओरडा खाण्यापुरती. 'वाटेला लावणं' म्हणजे माणसाला त्याच्या रस्त्यापर्यंत सोडून येणं, हे माझ्या कानावरून कधी नीट गेलंच नव्हतं. परवा टेप ऐकली आणि पायाखालची जमीन सरकली. काका नऊ वर्षं आत राहिले ते माझ्या एका वाक्यापायी.

आता शेवटचं पान. जुन्या निकालांची फेरतपासणी करणारं एक मंडळ आहे. अर्ज ज्याला शिक्षा झाली त्यानेच करायचा असतो आणि तो हयात असताना. काका त्र्याऐंशीचे. फॉर्म सोबत जोडला आहे, जिथे फुली केली आहे तिथे त्यांची सही घे. माझा जबाब मी देते.

ताई


२१ मार्च

खारू,

पत्र न उघडता परत आलं. तुझ्या हातचा शेरा ओळखला, 'स्वीकारले नाही'. अजूनही 'ले' वर काना द्यायला गेल्यासारखी रेघ ओढतेस.

म्हणून हे दवाखान्याच्या पाकिटातून पाठवते आहे, टाइप केलेल्या पत्त्याचं. तू नर्स आहेस, दवाखान्याचं पाकीट उघडल्यावाचून तुला राहवणार नाही. लबाडी आहे, मान्य. आतमध्ये आधीचं पत्र जसंच्या तसं आहे.

माझ्यावर राग धर, हवा तेवढा धर, मी काही हातचं राखून धर म्हणत नाही. पण फॉर्म माझा नाही, तुझ्या बाबांचा आहे. त्यांच्या बाजूने बघ. या जिल्ह्यात आजही कालव्याच्या पुलावर शाळेतली पोरं एकमेकांना सांगतात, इथे त्या परक्या मजुराने मुकादमाला मारलं. आता तर पुस्तक येणार. पुस्तकावर काकांचा तुरुंगातला फोटो येणार. तो फोटो मी पाहिला. त्यात त्यांच्या शर्टाचं वरचं बटण भलत्याच काजात लावलेलं आहे.

एवढंच.

ताई


९ एप्रिल

खारू,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. 'शब्दन् शब्द म्हणाली होतीस. तुला कधी कळलं?'

पहिल्यांदा मी त्याला छान उत्तर लिहिलं. तीन पानी. त्यात परवाची टेप होती, पायाखालची जमीन होती, सगळं होतं. वाचून पाहिलं आणि माझीच मला शिसारी आली. मी तीस वर्षं कोर्टात दुभाषी आहे. साक्षीदार कुठल्या वाक्याला खोटं बोलायला लागला हे मला त्याच्या श्वासावरून कळतं. स्वतःचं कळणार नाही का?

तर ऐक. त्याच आठवड्यात कळलं. गुरुवारी.

सोमवारी काकांना नेलं, मंगळवारी माझ्याकरवी त्यांचा जबाब घेतला. बुधवारी तू शेडच्या मागे मला गाठलंस. डोळे सुजलेले. "ताई, तू नीट सांगितलंस ना?" मी म्हटलं, शब्दन् शब्द. तेव्हा ते मला खरंच वाटत होतं, एवढं तरी धर. गुरुवारी आमच्याकडे विचारपूस करायला माणसं आली होती. ती निघाली तेव्हा आई पायात चपला सरकवत मला म्हणाली, "दूध उतू जाईल, लक्ष ठेव. मी यांना वाटेला लावून येते."

दूध उतू गेलं. आई परत आली तेव्हा मी तशीच उभी होते. तिने मला झापलं आणि मी शेगडी पुसायला घेतली.

संध्याकाळी माझ्या बाबांना सांगितलं. ते शेडमध्ये खोकी रचत होते. थांबले नाहीत, रचतच राहिले. "पोलिसांना खोटं सांगितलंस म्हणून तुलाच उचलतील. मूग गिळून गप्प बस. कोर्टात मोठे वकील असतात, ते काढतील शोधून." पुढच्या महिन्यात बाबा मुकादम झाले. काकांच्या जागी नाही, मेलेल्याच्या जागी, पण तुमच्या घरावरून शेडला जाताना ते खाली बघून चालायचे. ते आता नाहीत, म्हणून त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. ढकलणार नाही.

कारण बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्याआधीही मी काही बांधलेली नव्हते. खरं सांगू? साहेबांनी मला शाबासकी दिली होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, ही पोर हुशार आहे, शाळा संपली की हिला आमच्याकडे पाठवा. वस्तीतल्या एकाही माणसाला त्या इमारतीत कुणी बस म्हटलं नव्हतं, मला खुर्ची दिली होती. ती खुर्ची मला हवी होती. कोर्टात टेप कुणी वाजवलीच नाही, टाइप केलेला कागद होता, त्यावर काकांची सही होती. डॉक्टरने लिहिलं होतं की खोक दरवाजाच्या लोखंडी कडेवर आपटून झालेली असू शकते. कबुली असताना ते कोण वाचतो? मी मागच्या बाकावर बसून होते. उठून एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. वर पुढे जाऊन तेच काम पत्करलं.

तू आणि काकू सामान घेऊन वस्ती सोडून निघालात त्या दिवशी मी माळ्यावर लपले होते.

आता तुझ्या हातात आहे. अर्जासाठी ज्यांना गाठलं त्या वकीलबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, चूक झाली एवढंच लिहून दिलंत तर तुमचं काही बिघडत नाही, पण मंडळ म्हणेल, पुतणीला म्हातारपणी सोयीचा अर्थ सुचला. तेव्हाच कळलं होतं आणि लपवलं, असं लिहून दिलंत तर तुमचं काम जाईल, पण ऐकतील. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला कुणी खोटं बोलत नाही.

मी दुसरं लिहून देणार आहे. तू सही पाठव अथवा पाठवू नकोस.

ताई


२ जून

खारू,

फॉर्म पोचला. काकांची सही बघून हसू आलं आणि मग बराच वेळ काही दिसेना. इतकी वळणदार सही, आणि तीही इथल्या लिपीत. जबाबाच्या कागदावर तर तेव्हा आपल्या लिपीत एकेक अक्षर कोरून काढलेलं होतं.

माझं कोर्टातलं दुभाषीचं ओळखपत्र मी जमा केलं. खिडकीवरच्या मुलीला वाटलं, हरवलं म्हणून नवीन मागायला आले. तिने फॉर्म पुढे केला, म्हटलं नको बाई, नवीन नको. तिने कारण विचारलं. मी सांगायला लागले, मागे रांग लागली, शेवटी तिनेच 'वैयक्तिक' असं लिहून मला मोकळं केलं. घरी आले आणि कपाटात चार काळे कोट दिसले. त्यांचं आता काय करू? दोन तर माझ्या अंगातही मावत नाहीत, उगाच जपून ठेवलेत.

खूनवाले लेखक आले होते. मी त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे खून झालाच नाही?" म्हणाले. अर्धं पुस्तक लिहून झालंय बिचाऱ्यांचं. मी त्यांना चहा दिला, दुसरा काय धीर देणार. पण माणूस सरळ निघाला. टेपची मूळ प्रत त्यांनी स्वतः मंडळाकडे नेऊन दिली आणि पावती मला आणून दाखवली.

काकांना माझा नमस्कार सांगायचा की नाही ते तू ठरव.

ताई


१४ सप्टेंबर

खारू,

परवा सुनावणी झाली. काका आले नाहीत, बरं केलंत. लाकडी बाकं होती, उठताना माझीच कंबर धरली.

मी साक्षीदाराच्या खुर्चीत बसले. तीस वर्षं त्या खुर्चीच्या शेजारी उभी राहिले, तिच्यात बसल्यावर समजलं की ती बाकीच्यांपेक्षा ठेंगणी आहे. सगळे वरून बघतात. मंडळात तिघं होते. मधल्या बाई फार कमी बोलतात. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला चूक कळल्यावर तुम्ही किती वेळ गप्प राहिलात?" मी म्हटलं, अडतीस वर्षं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवून पाणी प्यायल्या.

टेप वाजवली तेव्हा दुसरी दुभाषी हवी होती, मला तर बोलता येणार नव्हतं. एक तरुण मुलगी आली. आपल्यातलीच, केस बारीक कापलेले, हातात वही. काकांचा आवाज लागला. वस्तीतला तो काकांचा आवाज, खारू, थोडा चिडलेला, थोडा दमलेला. "मी त्याला वाटेला लावलं." मुलीने हात वर केला. टेप थांबवायला सांगितली. म्हणाली, "हा शब्दप्रयोग मी नेहमी वापरत नाही. घाईने अर्थ सांगण्यापेक्षा मला मागचं-पुढचं ऐकायचंय." त्यांनी टेप मागे घेतली. तिने तीनदा ऐकलं. मग सांगितलं, "मी त्याला त्याच्या घरच्या रस्त्याला लावून दिलं. वाक्याचा सरळ अर्थ हाच आहे."

एवढंच करायचं होतं मी. हात वर करायचा होता.

बाहेर आल्यावर मी तिला गाठून म्हटलं, तू चांगलं काम केलंस. तिला मी कोण ते आतमध्ये कळलंच होतं. ती घुटमळली आणि म्हणाली, "मला दुभाषांच्या वर्गात तुम्हीच शिकवलं होतं. कळलं नाही तर थांबवा, लाजू नका, असं तुम्हीच सांगितलं होतं." मला तिचा चेहरा आठवेना. मी पुढची बस पकडली आणि सगळ्या रस्ताभर तोंडाला रुमाल लावून बसले. लोकांना वाटलं असेल, बाईला बस लागते.

निकाल दोन महिन्यांत.

ताई


२६ नोव्हेंबर, तुमच्या घरी, दुपारचे साडेचार

खारू,

हे पत्र टपालात पडणार नाही. तुझ्याच टेबलावर बसून, तुझ्याच पेनने लिहिते आहे.

तू कळवलंस, 'ताई, बुधवारी दुपारी ये. बाबांना निकाल तुझ्याकडून ऐकायचा आहे. मी कामावर असेन.' ते 'ताई' मी बसमध्ये काढून काढून वाचलं. बाकीचंही समजलं. तू घरी नसताना यायचं आणि तू यायच्या आत जायचं.

दार काकांनीच उघडलं. किती बारीक झालेत गं. मला वर-खाली न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तरीण, तू जाड झालीस." मी वाकले नमस्काराला, तर म्हणाले, "ते नंतर. आधी वाच."

खिडकीशी त्यांची खुर्ची, समोर मी. मी पाकीट उघडलं. अकरा पानं. पहिल्यापासून आपल्या भाषेत सांगत गेले, न गाळता, अवघड जागी थांबून. डॉक्टरचा अहवाल आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. माझ्या जबाबाचा भाग आला तेव्हा माझा आवाज चिरकला, ते म्हणाले, "मोठ्याने." मोठ्याने वाचला. 'दुभाषीने सत्य जाणूनबुजून दडवले.' तेही सांगितलं.

मग शेवटचं पान. काका पुढे झुकले. "निर्दोष म्हणतात का?"

खारू, मला मोह झाला. तुला खोटं सांगणार नाही, जिभेवर आलं होतं. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, एवढ्याशा शब्दाची भूक, आणि कोण तपासायला येणार होतं? हो म्हटलं असतं तर त्यांची छाती फुगली असती.

मी म्हटलं, "नाही काका. निर्दोष असा शब्द यात नाही. शिक्षा रद्द केली आहे. कबुली म्हणून जे धरलं ती कबुली नव्हती, असं म्हटलंय. मृत्यू अपघाताने झाला असण्याची शक्यता अधिक, असं म्हटलंय. त्यापुढे ते गेलेले नाहीत."

ते मागे टेकले. मला वाटलं, संपलं, मी पुन्हा त्यांना मारलं. मग त्यांनी खुर्चीतल्या उशीखाली हात घातला आणि घडी घातलेले कागद बाहेर काढले. हाच निकाल. मंडळाने त्यांना वेगळी प्रत पाठवली होती, गेल्या शुक्रवारी. शेवटच्या पानावर पेन्सिलीने खुणा केलेल्या, समासात त्यांच्या अक्षरात अर्थ लिहिलेले.

"मला येते यांची भाषा," म्हणाले. "आतमध्ये शिकलो. तिसऱ्या वर्षी माझा कबुलीजबाब वाचला आणि कळलं तू काय सांगितलंस ते. दोन वर्षं तुला रोज शिव्या घातल्या. मग कंटाळा आला."

मी विचारलं, मग कुणाला सांगितलं का नाही. तर चिडले. "कुणाला? तिथे प्रत्येक जण म्हणतो मी काही केलं नाही, त्यात माझी भर. ते तुझ्या तोंडून यायला हवं होतं. आणि खारूला सांगितलं असतं तर तिने तुझं नाव कायमचं टाकलं असतं. तुम्ही दोघीच तर आहात, आणखी कोण आहे?" मग कागदांची नीट घडी घातली. "आज बरोबर सांगितलंस. आता कर नमस्कार."

मी रडले, ते रडले नाहीत. ते म्हणाले, जा, आत जाऊन पाणी पी.

मी आत गेले. घर बघितलं तुझं. औषधांच्या डब्या तारखेप्रमाणे लावलेल्या, फडकी वाळत घातलेली, ओट्यावर झाकून ठेवलेला स्वयंपाक. आणि शेजारी ताटं काढून ठेवलेली. तीन.

मी बाहेर येऊन काकांना विचारलं, कुणी येणार आहे का जेवायला? मी निघते म्हणजे.

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "ताटं मी नाही काढली. ती सकाळी कामावर जाताना काढून गेली."

म्हणून मी बसले आहे. साडेपाचची बस सोडते आहे.

ताई